घरच्या रेकॉर्डिंगसाठी साधं व्हायोलिन की इलेक्ट्रिक? बडोद्यातल्या एका व्हायोलिनवाल्याचं उत्तर

ताई, मुलाची क्लिप ऐकली, एकदा हेडफोनवर आणि एकदा स्पीकरवर, आणि मगच लिहायला बसलो. तुमचं म्हणणं असं की मुलगा १९ वर्षांचा आहे, ८ वर्षं व्हायोलिन शिकतोय, घर मांडवीच्या बाजूला जुन्या पोळीत (म्हणजे जुन्या वस्तीतल्या गल्लीत) पहिल्या मजल्यावर, त्याला घरीच नाट्यपदं आणि भावगीतं सोलो वाजवून रेकॉर्ड करायचीत आणि शिवाय नवरात्राच्या आधी ओळखीच्या दोन ग्रुपना गरब्याच्या ट्रॅकमध्ये व्हायोलिनचे पीस वाजवून पाठवायचेत. पण रेकॉर्ड झालेलं नाकातून आल्यासारखं, किरकिरं येतं, समोर बसून ऐकतो तसं अजिबात येत नाही. कोणीतरी सांगितलं की साधं व्हायोलिन घरी रेकॉर्ड होतच नसतं, इलेक्ट्रिक घ्या, वायर लावा, काम झालं. ५० हजार बाजूला काढलेत, ते इलेक्ट्रिकवर घालावेत का.

आत्ता घालू नका. मी दोन्ही वाजवतो, गरब्याच्या स्टेजवर इलेक्ट्रिक घेऊनच बसतो, घरच्या एका छोट्या रूममध्ये इतरांचं रेकॉर्डिंगही करून देतो, २० वर्षं होऊन गेली या कामात, त्यामुळे इलेक्ट्रिकशी माझं काही वैर नाही. पण तुमच्या मुलाची अडचण वाद्याची नाहीच आहे. हात चांगला आहे, सुराला पक्का आहे, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) तर फारच छान घेतो, आणि जे खराब ऐकू येतंय ते सगळं माईक कुठे ठेवलाय आणि खोली कशी आहे त्यातून आलंय. इलेक्ट्रिक घेतलं तर ही अडचण जाईल खरी पण त्याच्या वाजवण्यातलं जे सगळ्यात चांगलं आहे तेही तिच्याबरोबर जाईल, हे मला कळकळीने सांगायचंय.

कसं ते बघा. साध्या व्हायोलिनमध्ये बोने (म्हणजे गजाने) तार हलते, तार घोडीला (तारा जिच्यावर टेकतात तिला) हलवते, घोडी वरच्या पाटीला, साउंडपोस्ट (दोन पाट्यांमधली आतली काडी) खालच्या पाटीला, आतली हवा एफ-होलमधून (वरच्या पाटीच्या दोन भोकांतून) आत-बाहेर होते, आणि हे सगळं मिळून जो आवाज खोलीत पसरतो त्याला आपण व्हायोलिन म्हणतो. इलेक्ट्रिकमध्ये घोडीत किंवा घोडीखाली पिएझो बसवलेला असतो, तो घोडीवरचा दाब विजेत बदलतो, बस. पोकळ बॉडी नाही, आतली हवा नाही, खोलीही नाही. म्हणजे इलेक्ट्रिक हे साध्या व्हायोलिनचं वायर लावलेलं रूप आहे असं जे वाटतं ना, ते तसं नाहीये, ते वेगळं वाद्य आहे आणि त्याला वेगळं वाद्य म्हणून वागवलं तर ते फार सुंदर बोलतं. व्हायोलिनवादक एल. शंकर यांनी १९८० च्या सुमारास १० तारांचं डबल व्हायोलिन करून घेतलं, पार डबल बासपासून व्हायोलिनपर्यंतची सगळी रेंज एका वाद्यात यावी म्हणून, ते साध्या व्हायोलिनची नक्कल करायला नव्हतंच. यामाहाने १९९७ मध्ये सायलेंट व्हायोलिन काढलं ते मुळात शेजाऱ्यांना त्रास न होता हेडफोन लावून रियाज करता यावा म्हणून. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत पण दोन्हींचं कारण तुमच्या मुलाच्या कारणापेक्षा वेगळं आहे.

आता मींडेचं सांगतो, कारण या सगळ्या प्रश्नाचा जीव तिथे आहे.

व्हायोलिनची बॉडी सगळ्या सुरांना सारखं वागवत नाही. आतली हवा साधारण २७० ते २८० हर्ट्झच्या आसपास बोलते, लाकडाचे दोन मोठे रेझोनन्स (जिथे ते आपोआप जास्त घुमतं त्या जागा) ४०० ते ५५० च्या दरम्यान कुठेतरी येतात (प्रत्येक वाद्यात थोडे वेगळ्या जागी, म्हणूनच दोन व्हायोलिनं सारखी वाजत नाहीत), आणि वर २ ते ३ हजारांच्या पट्ट्यात घोडीमुळे एक फुगवटा असतो. या मोठ्या जागांच्या मधे आणखी कितीतरी बारीक चढउतार असतात. आता बोट तारेवरून सरकत पंचमावरून कोमल गंधारावर येतं तेव्हा मूळ सूर आणि त्याच्या वरचे सगळे स्वरांश या चढउतारांवरून घसरत जातात, एखादा क्षणभर उजळतो, दुसरा दबतो, म्हणजे नुसता सूर खाली येत नाही, त्याचा रंग वाटेत सतत बदलतो, गाणाऱ्याच्या तोंडात आकाराचा किंचित ओकार होतो तसं काहीतरी. आंदोलनातही हेच, सूर थोडासा हलला की रंगही हलतो. गायकी अंग म्हणजे हेच तर आहे. गजाननबुवा जोशी स्वतः गवई आणि स्वतःच व्हायोलिनवादक, डी. के. दातार, एन. राजम, यांचं वादन मुलाने ऐकलंच असेल, ते पुन्हा ऐकताना सुरांकडे लक्ष न देता दोन सुरांच्या मधल्या जागेकडे द्यायला सांगा. तिथे जो श्वास ऐकू येतो त्यात बोटाएवढाच त्या लाकडाचाही वाटा आहे.

पिएझोवर तीच मींड घ्या. सूर बरोब्बर जातो पण पट्टीने रेघ ओढल्यासारखा जातो. शिवाय बोट तारेच्या गुंडाळीवरून घासल्याचा आवाज आणि बो बदलतानाचा खरखराट खोलीत विरून जायचा तो पिएझोवर अगदी पुढे येतो, त्यामुळे मुलगा नकळत मींड लहान करायला लागेल, बो सांभाळून बदलायला लागेल. हे मी शिकणाऱ्या मुलांमध्ये प्रत्यक्ष पाहिलंय. सहा महिने फक्त इलेक्ट्रिकवर वाजवलेला मुलगा परत साध्यावर आला की त्याचा बोचा दाब बदललेला असतो, कारण त्याला आवाज बोने काढायचा नसतो, नॉबने काढायचा असतो. १९ व्या वर्षी, हात अजून बसत असताना, हे होऊ देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कोणी म्हणेल आता इंपल्स रिस्पॉन्स मिळतात, म्हणजे खऱ्या व्हायोलिनच्या बॉडीचा ठसा घेतलेला असतो आणि तो पिएझोच्या आवाजावर चढवता येतो. मी वापरतो, मिक्समध्ये दहा वाद्यांच्या मागे व्हायोलिन असेल तर छान काम देतात. पण तो ठसा एका बाजूने चालतो. खऱ्या वाद्यात तार लाकडाला हलवते आणि लाकूड तारेला परत ढकलतं, बो धरलेल्या बोटांना ते कळतं आणि वाजवणारा त्याप्रमाणे हात बदलतो. हे परत ढकलणं सॉफ्टवेअर नंतर चढवू शकत नाही, कारण वाजवताना ते नव्हतंच. नुसती आलापी किंवा पदाची सुरुवात, मागे फक्त तानपुरा, तिथे हे लगेच उघडं पडतं.

बरं, आता त्याच्या क्लिपमध्ये काय झालंय ते. मला ऐकून जे वाटलं ते असं, की बोलण्यासाठी वापरतात तसला यूएसबी माईक टेबलावर ठेवलाय, व्हायोलिनपासून वीतभर अंतरावर, खाली टाइल्सची फरशी, आणि पंखा चालू. पंख्याची घरघर मागे स्पष्ट आहे. या चारही गोष्टी बिघडवणाऱ्या आहेत पण त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे वीतभराचं अंतर.

व्हायोलिनचा खालचा आवाज, साधारण ४०० ते ५०० हर्ट्झपर्यंतचा, सगळीकडे सारखा पसरतो. त्याच्यावर गेलं की तो दिशा धरायला लागतो आणि गंमत म्हणजे ही दिशा सुरागणिक बदलते, एक सूर डावीकडे जास्त, पुढचाच सूर वर जास्त. मैफिलीत आपण दहा फुटांवर बसतो तेव्हा खोलीतून फिरून हे सगळं एकत्र होऊन कानावर येतं. वीतभरावरच्या माईकला मात्र त्यातला एकच तुकडा मिळतो, म्हणून एक सूर अंगावर येतो, दुसरा मागे पडतो, आणि बोचं घासणं सगळ्यात पुढे. नाकातला आवाज म्हणतायत तो हाच. त्यात टेबलावरून परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळून काही सूर आणखी खातो.

म्हणून माईक लांब न्यायचा. बाहेरची पुस्तकं, व्हिडिओ सगळे सांगतात की माईक वाजवणाऱ्याच्या डोक्यावर दोन-तीन फूट टांगा, व्हायोलिनकडे खाली बघत. ते उभं राहून, हनुवटीखाली आडवं धरून वाजवणाऱ्यांसाठी बरोबर आहे कारण त्यांच्या वाद्याची पाटी छताकडे बघते. आपण मांडी घालून बसतो, स्क्रोल (वाद्याचं वळलेलं टोक) उजव्या पायावर टेकवतो, वाद्य तिरकं खाली उतरतं आणि पाटी समोरच्याकडे बघते, किंचित वर. तेव्हा आपल्याला माईक डोक्यावर नको, समोर हवा, छातीच्या उंचीच्या थोडा वर, एफ-होलवर नेम न धरता घोडी आणि फिंगरबोर्डाचं टोक यांच्या मधे बघणारा. हा फरक समजण्यात माझी काही वर्षं गेली, तोवर मी वरून माईक लावून आवाजात छाती (खालचा भरीवपणा) का नाही म्हणून इक्वलायझर फिरवत बसायचो.

अंतर किती, तर चांगल्या मोठ्या खोलीत ७५ ते ९० सेंटिमीटर. तुमची खोली लहान असणार, तिथे ५० ते ६० वर थांबा, कारण जितकं लांब जाल तितकी खोली जास्त ऐकू येते, आणि लहान चौकोनी खोली ऐकायला चांगली नसते. खोलीचं करायचं ते स्वस्तात होतं. कोपऱ्यात बसायचं नाही आणि बरोबर मध्यावरही नाही, लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर बसायचं. फरशीवर सतरंजी, तिच्यावर जाड गोधडी, आणि ती फक्त बसण्यापुरती नाही, माईकच्या स्टँडपर्यंत. मुलाच्या पाठीमागे दोरी बांधून दोन गोधड्या किंवा रजई टांगा, भिंतीला चिकटवून नाही, वीतभर पुढे. पाठीमागे अशासाठी की कार्डिऑइड माईक समोरून येणारं ऐकतो, आणि माईकच्या समोर मुलगा आणि मुलाच्या मागची भिंत असते. माईकच्या मागच्या बाजूला पुस्तकांचं कपाट, कपड्यांची उघडी अलमारी असली तर उत्तमच. जुन्या पोळीतल्या घरात लाकडी छत, तुळया, कोनाडे असतील तर नशीबवान आहात, नव्या फ्लॅटच्या चार सपाट भिंतींपेक्षा ते घर कितीतरी चांगलं वाजतं. अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवायच्या भानगडीत पडू नका, त्याने वरचा थोडा आवाज मरतो आणि बाकी काही होत नाही.

पंखा बंद. मे महिन्यात बडोद्यात ४२ डिग्रीला पंखा बंद करून वाजवायला सांगणं मलाही जिवावर येतं, पण टेक चार मिनिटांचा असतो, चार मिनिटं बंद, मग चालू, पाणी प्या, घाम पुसा (बोटं कोरडी करा, तारांवर घाम गेला की आवाज बसतो), परत बंद. आणि वेळ पहाटेची धरा. मांडवी भागात सकाळी सातनंतर स्कूटर, भाजीवाला, मंदिराची घंटा, खालच्या दुकानाचं शटर, काही ना काही चालूच. साडेचार ते सहा हा वेळ मिळतो. मुलगा सकाळचे राग याच वेळात करत असेल तर हात गरम असतोच. लांबच्या ट्रॅफिकची जी घुमघुम राहते ती हाय-पास फिल्टरने काढता येते, १०० हर्ट्झच्या आसपास लावा, सगळ्यात खालच्या तारेचा सूर त्याच्या बराच वर असतो त्यामुळे वाद्याला धक्का लागत नाही.

लेव्हल वर चढवायची घाई नको. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि जोरातल्या जोरात तान उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल एवढंच ठेवा, हळू वाटलं तरी चालेल, नंतर वाढवता येतं. तानपुरा हेडफोनमध्ये, एक कान झाकलेला, एक उघडा. उघडा कान महत्त्वाचा, स्वतःचं वाद्य हवेतून ऐकल्याशिवाय सूर नीट लागत नाही. आणि इंटरफेसला (माईक कॉम्प्युटरला जोडायच्या पेटीला) डायरेक्ट मॉनिटर, म्हणजे वाजवलेलं थेट हेडफोनमध्ये द्यायची सोय, असेल तर तो वापरा, कॉम्प्युटरमधून फिरून उशिरा आलेला स्वतःचाच आवाज कानात पडला की लय हलते. आणखी एक, पायाने ताल धरायची सवय असेल तर ती त्या चार मिनिटांसाठी सोडायला सांगा, स्क्रोल पायावर टेकलेला असतो, पायाची प्रत्येक थाप लाकडातून माईकपर्यंत जाते.

माईक कुठला, तर छोट्या डायफ्रॅमचा कार्डिऑइड कंडेन्सर. रोड एनटी५ च्या वर्गातले माईक या कामाला पुरेसे आहेत, न्यूमन केएम१८४ वगैरे पुढे कधीतरी. त्याला ४८ व्होल्ट लागतो, तो इंटरफेसमधून मिळतो. ओळखीत कोणाकडे शुअर एसएम५७ पडलेला असेल तर तोही लावून बघा, वरची चमक कमी देतो पण किरकिर करणाऱ्या व्हायोलिनला कधीकधी तेच बरं. रिबन माईक व्हायोलिनला अप्रतिम लागतो, वरचा आवाज मऊ करतो, पण त्याला गेन खूप लागतो आणि स्वस्तातल्या इंटरफेसवर सुस्कारा ऐकू येतो, म्हणून पहिला माईक म्हणून नको.

आता गरब्याचं. तिथे मात्र इलेक्ट्रिकच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. स्टेजवर ढोल, ऑक्टापॅड, कीबोर्ड, समोर हजारो माणसं, मॉनिटर (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेले स्पीकर) अंगावर, तिथे साध्या व्हायोलिनला माईक लावला तर ढोलच जास्त येतो आणि फीडबॅकने शिट्टी वाजते, नऊ रात्री ते करणं शक्यच नाही. पोकळ बॉडी नसल्यामुळे इलेक्ट्रिकला ही भीती फार कमी. पण नीट बघा, ही सगळी कारणं स्टेजची आहेत. तुमच्या घरी ना ढोल आहे ना मॉनिटर. ज्यांनी इलेक्ट्रिक घ्या म्हटलं त्यांनी चांगल्या भावनेनेच म्हटलं असेल, पण स्टेजवरची सवय घरात आणून म्हटलं. घरी रेकॉर्ड केलेला साध्या व्हायोलिनचा पीस गरब्याच्या ट्रॅकमध्ये व्यवस्थित बसतो. मिक्स करणारा २०० च्या खालचं कापेल, थोडं कॉम्प्रेस करेल, डिले टाकेल, झालं. उलट कीबोर्डच्या स्ट्रिंग्सच्या गर्दीत खऱ्या बोचा एक आवाज आला की गाणं उठतं.

हां, पीस चार-पाच थरांत वाजवून मागितला तर मात्र एक लक्षात ठेवायला सांगा. एकच वाद्य, एकच जागा, एकच माईक, असे पाच थर एकावर एक ठेवले की त्या वाद्याचे आणि खोलीचे तेच तेच रेझोनन्स पाचपट होतात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. प्रत्येक थराला बसायची जागा फूटभर सरकवायची, माईकचं अंतर बदलायचं, एखादा थर घोडीवर म्यूट (आवाज दबवणारा चिमटा) लावून, जमलं तर एखादा गुरुजींचं व्हायोलिन मागून घेऊन त्याच्यावर.

साध्या व्हायोलिनच्या घोडीवर लावायचा पिकअप (थर विजेत बदलणारा छोटा पिएझो) हा मधला मार्ग म्हणून सुचवतात लोक. स्टेजसाठी घ्यायचा तर घ्या, मीही लावतो. रेकॉर्डिंगला मात्र त्याचा माझा एक अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मंडळासाठी नाट्यपदांचं वादन रेकॉर्ड केलं, पिकअप आणि माईक दोन्ही एकदम, म्हटलं पिकअपचा स्पष्टपणा आणि माईकची गोलाई दोन्ही मिळतील, आणि दोन्ही सारख्या लेव्हलला मिसळले. वाद्याची छातीच गेली. वेगवेगळं ऐकलं तर दोन्ही चांगले, एकत्र केलं की पोकळ. कारण नंतर कळलं. माईक ६० सेंटिमीटरवर होता, आवाजाला तेवढं अंतर कापायला पावणेदोन मिलिसेकंद लागतात, पिकअप मात्र ताबडतोब. तेवढ्या फरकाने दोन सारखे आवाज मिळवले की २८५ हर्ट्झच्या आसपास ते एकमेकांना खातात, आणि बघा, आतली हवा जिथे बोलते त्याच्या अगदी शेजारचीच ही जागा. पिकअपचा ट्रॅक ४८ हजारच्या सँपल रेटला ८४ सँपल मागे सरकवला आणि आवाज परत आला. तोवर अर्धी पदं तशीच देऊन झाली होती, ती आजही ऐकवत नाहीत मला. पिकअप लावायचाच असेल तर हे आधीपासून माहीत असू द्या.

आणि पोळीतल्या घरासाठी एक खास गोष्ट. जुन्या वायरिंगमध्ये अर्थिंग नीट नसतं. पिएझो हा फार उच्च इंपीडन्सचा असतो, म्हणजे हवेतली विजेची गुणगुण पकडायला अगदी तयार. इलेक्ट्रिक व्हायोलिन आणून लावलं आणि ५० हर्ट्झची घूं ऐकू आली की लोकांना वाटतं वाद्य खराब निघालं. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघायचं, वाद्यात ९ व्होल्टची बॅटरी असेल तर अडॅप्टर न लावता तीच वापरायची, बहुतेक वेळा घूं निम्म्याहून कमी होते. कायमचा उपाय म्हणजे इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घेणं, जे एरवीही करायलाच हवं. तसंच प्रीअँप (सिग्नल वाढवणारं सर्किट) नसलेला पिकअप इंटरफेसच्या लाइन इनपुटमध्ये खुपसू नये, खालचा आवाज गळून पातळ होतो, त्याला १ मेगाओहमचा इन्स्ट्रुमेंट इनपुट लागतो, नाहीतर मधे डीआय बॉक्स, म्हणजे सिग्नल इंटरफेसला जुळवून देणारी छोटी पेटी.

इलेक्ट्रिकचा एक फायदा मान्य करायलाच हवा, हवामानाचा. आपल्याकडे मे महिन्यात कोरडं आणि जुलैत दमट, साध्या व्हायोलिनचे जोड सरसाने चिकटवलेले असतात, दमट हवेत तो मऊ पडतो, कडेचा जोड उघडतो आणि मग एखादा सूर झणझणायला लागतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माझं वाद्य माळ्यावर होतं, पाण्याला लागलं नाही, पण त्या आठ दिवसांच्या ओलीने खालच्या पाटीचा जोड बोटभर सुटला. रेकॉर्डिंगच्या आधी वाद्याच्या कडेने बोटाच्या पेराने हलकं ठोकत जायचं, जिथे आवाज फुटका येतो तिथे जोड सुटलाय. मुलाच्या क्लिपमध्ये वरच्या षड्जाला जी बारीक झणझण आहे ती मला तशीच वाटली, किंवा फाइन ट्यूनरचा स्क्रू सैल असेल. ते आधी बघून घ्या.

पैशांचं मी असं करेन. सगळ्यात आधी वाद्य चांगल्या कारागिराला दाखवायचं, घोडीची उंची, साउंडपोस्टची जागा, सुटलेला जोड, बोला नवे केस, नव्या तारा. याला ५० हजारांतला लहानसा भाग लागेल आणि फरक सगळ्यात जास्त पडेल. नवी तार रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी लावू नका, आठवडाभर वाजू द्या. मग दोन इनपुटचा साधा इंटरफेस, कंडेन्सर माईक, जड बुडाचा स्टँड (हलका स्टँड फरशीची थरथर वर पाठवतो), बंद कपांचा हेडफोन. एवढं होऊन पैसे उरतील. उरलेले ठेवून द्या.

दोन वर्षांनी मुलगा नवरात्रात स्टेजवर बसायला लागला, किंवा त्याला डिले, डिस्टॉर्शन लावून वेगळं काही करायची स्वतःहून ओढ लागली, तर मीच म्हणेन इलेक्ट्रिक घ्या, आणि घ्यायचं तर पाच तारांचं, खालचा सी मिळतो, व्हायोलाचे पीसही त्याच्यावर होतात. फक्त दुकानात उभं राहून बघू नका. खाली बसून, पायावर टेकवून बघायचं. काही इलेक्ट्रिकना स्क्रोलच नसतो, काहींच्या खालच्या बाजूचा आकार असा असतो की छातीला टेकत नाही, मांडी घालून बसणाऱ्याला ती कितीही चांगली असली तरी कामाची नाहीत. वजनही हातात घेऊन नाही, अर्धा तास वाजवून कळतं.

तोवर हे करा. या आठवड्यात आहे त्याच यूएसबी माईकवर, टेबल काढून टाकून, स्टँड नसेल तर पुस्तकांच्या चळतीवर दुमडलेला टॉवेल टाकून त्याच्यावर माईक ठेवून, तीन टेक घ्या: पहिला १५ सेंटिमीटरवरून, दुसरा ५० वरून, तिसरा ८० वरून. पद तेच, लय तीच, गोधड्या टांगलेल्या. प्रत्येक टेकच्या आधी दहा सेकंद कोणी न बोलता नुसती खोली रेकॉर्ड करायची. तिन्ही मला पाठवा, ऐकून माईक तुमच्या खोलीत नक्की कुठे ठेवायचा ते सांगतो.